वाचकांचे प्रश्न : तीन पेडलांची टर्बो

प्रश्न : फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली, पण मॅन्युअल नाहीच. असं का? (वाचक, पुणे)

उत्तर : २०२४च्या फेरबदलात जीटीआयचा मॅन्युअल जगभर बंद झाला. आपल्याकडे गाडी तयार आयात होते, त्यामुळे पर्यायच उरला नाही. ड्युअल-क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गिअर झटकन बदलतो, आणि प्रदूषण चाचणीत कुठला गिअर कधी पडेल हे कंपनीलाच ठरवता येतं. टॉर्कचीही (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) अडचण असते. बीएमडब्ल्यू एम२ मॅन्युअलमध्ये मिळते, पण ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ५५०. तरी मागणी लावून धराच. पोर्शेने २०१३ मध्ये ९११ जीटी३चा मॅन्युअल बंद केला होता, २०१७ मध्ये तो परत द्यावा लागला.

प्रश्न : २०२१ची ह्युंदाई आय२० एन लाइन मॅन्युअलच ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : ती आयएमटी. गिअर हाताने, पण क्लच पेडल नाही. पेडल हवं असेल तर २०२३च्या फेरबदलानंतरची सहा गिअरची गाडी शोधा.

प्रश्न : वापरलेली टर्बो-पेट्रोल मॅन्युअल घ्यायची आहे. क्लच संपत आलाय हे कसं ओळखावं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : इंजिन गरम होऊ द्या. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बोचा टॉर्क कमी आरपीएमलाच येतो (फोक्सवॅगन व्हर्टस १.५ मध्ये २५० न्यूटन-मीटर, १,६०० पासून), म्हणून घसरणारा क्लच इथेच उघडा पडतो : आरपीएमचा काटा उसळतो, वेग मागे राहतो. पहिल्या गिअरमध्ये हे कळत नाही. हँडब्रेक ओढून क्लच सोडून बघणारे असतात. तसं करू नका, चांगली प्लेटही जळते.

मग इंजिन बंद करताना कान द्या. थांबता थांबता खडखडलं तर ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) सैल झाल्याची शंका घ्या. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा फ्लायव्हील तपासून घ्या आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवीनच घाला. ते वाचवलंत तर मजुरी दोनदा भराल. ईसीयू रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात केलेला बदल) झालाय का, हे विक्रेत्याला सरळ विचारा. वाढलेल्या टॉर्कपुढे मूळ क्लच लवकर हात टेकतो.

शेवटी, गाडी थंड असताना तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाका. कर्र वाजलं तर सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजली आहे. दुसऱ्या गिअरची आधी जाते. गिअर ऑइल कुठलं घातलंय तेही पाहा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीएल-४ प्रतीचं ऑइल सांगितलं असताना जीएल-५ घातलं, तर त्यातली रसायनं पितळी रिंग खाऊ शकतात, आणि ऑइल जास्त निसरडं असल्याने रिंगची पकडही सुटते.