दात का गेला, हे कागदावर असू द्या
वाचकांचे प्रश्न : दंतोपचार, कोड आणि बिल

प्रश्न : माझे वडील (वय ५८) कराडहून साताऱ्याकडे दुचाकीने जाताना महामार्गावर पडले. जबड्याचे हाड मोडल्याने शस्त्रक्रिया झाली आणि ते चार दिवस रुग्णालयात दाखल होते. त्याच अपघातात त्यांचे वरचे पुढचे दोन दात मुळासकट निघून पडले. जबड्याच्या उपचारांचा क्लेम मंजूर झाला. मात्र अडीच महिन्यांनी बसवलेल्या काढता-घालता येणाऱ्या कवळीचे बिल ‘दंतोपचार वगळलेले आहेत’ असे कळवून विमा कंपनीने परत पाठवले. त्या बिलावर के ०८.१ असा निदानाचा कोड आहे. कोड चुकला आहे का? डॉक्टरांकडून तो बदलून घ्यावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या वडिलांच्या प्रकृतीला आराम पडला असेल, अशी आशा करतो. बिलावरचा कोड चुकलेला नाही. पण तो एकटा पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, के ०८.१ या कोडाखाली अपघाताने गेलेले, दवाखान्यात काढलेले आणि हिरड्यांच्या विकाराने पडलेले असे तिन्ही प्रकारचे दात येतात. त्यामुळे केवळ हा कोड वाचणाऱ्याला आपल्या वडिलांचे दात अपघातात गेले की वर्षानुवर्षे हलत राहून पडले, हे कळण्याचा मार्ग नसतो.

अपघाताचा पुरावा दंतवैद्याच्या बिलावर नव्हे, तर रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर असायला हवा. दात खोबणीतून निखळला असेल तर एस ०३.२ आणि दात मोडला असेल तर एस ०२.५, असे दुखापतीचे स्वतंत्र कोड आहेत. क्लेम फॉर्मचा जो भाग रुग्णालय भरते, त्यात मुख्य निदानाबरोबर अतिरिक्त निदानाचे कोड लिहिण्यासाठीही जागा असते. ती जागा अनेकदा रिकामी राहते, कारण जबड्याचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या दातांकडे त्या धावपळीत कोणाचे लक्ष जात नाही. आपण डिस्चार्ज कार्ड, दाखल होतानाचा केस पेपर आणि एक्स-रेचा अहवाल एकत्र ठेवून पाहा. यांपैकी एकातही दात निखळल्याची नोंद असेल, तर त्या आधारे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आजच्या तारखेचे, सही-शिक्क्याचे स्पष्टीकरणपत्र मागा. नोंद पूर्ण करून घेणे हा आपला हक्क आहे. जुनी तारीख टाकून कोड बदलून घेणे मात्र गैर आहे आणि तसे आढळल्यास खरा क्लेमही संशयास्पद ठरतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

कोडापेक्षा मोठी अडचण मला दुसरीकडे दिसते. दात गेल्यावर हिरडी भरून येऊन तिचा आकार स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, म्हणून कायमची कवळी किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले कृत्रिम दात) काही आठवडे, कधी काही महिन्यांनी बसवतात. पॉलिसीतला ‘रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च’ मात्र ठरावीक दिवसांपुरताच मिळतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे. या पॉलिसीत आजार किंवा दुखापतीमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार समाविष्ट आहेत, परंतु मूळ अट रुग्णालयात दाखल होण्याची आहे आणि ६० दिवसांनंतरचे बिल त्या चौकटीबाहेर जाते. आपली पॉलिसी कोणती, तिची मुदत किती आणि कवळीसारखे कृत्रिम अवयव तिच्यात वेगळे वगळले आहेत का, हे तिच्या मूळ प्रतीत वाचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका. मुदत शिल्लक असूनही क्लेम नाकारला असेल, तर प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयाकडे तक्रार करता येते. तिथे शुल्क लागत नाही व वकिलाचीही गरज नसते.

प्रश्न : मी मिरजेत एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात बिले करते. सर केस पेपरवर फक्त ‘३६ नाही’ असे लिहितात. रुग्णांना कंपनीकडून खर्चाची भरपाई हवी असते. मी कोणता कोड लिहू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, एवढ्यावरून कोणताही कोड लिहू नका. ३६ म्हणजे खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. हा आकडा दाताचा पत्ता सांगतो, तो का गेला हे सांगत नाही. ‘३६ किडीमुळे दोन वर्षांपूर्वी काढली’ एवढे एक वाक्य सरांनी लिहिले, तरी आपले काम सोपे होईल. सरांना हे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण दात का गेला हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि आपण ते अंदाजाने लिहिले तर चूक आपल्या माथी येते. बिलावर ‘दंतोपचार’ अशी एकच ठोक रक्कम न लिहिता दाताचा क्रमांक, निदान, कवळी की ब्रिज, तिचे साहित्य, भेटींच्या तारखा, आगाऊ भरलेली रक्कम आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वेगवेगळा दाखवा.

प्रश्न : मी सांगलीत राहून अमेरिकेतील दवाखान्यांच्या कोडिंगचे प्रशिक्षण घेत आहे. आंशिक दंतहानीसाठी के ०८.४ शिकवले जाते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तसे काही दिसत नाही. शिवाय त्या कोडातले ‘वर्ग १ ते ४’ म्हणजे रिकाम्या जागांचे केनेडी वर्गीकरणच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अमेरिकेने आयसीडी-१० ची स्वतःची विस्तारित आवृत्ती केली असून ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. तिच्यात के ०८.१ म्हणजे सगळे दात जाणे आणि के ०८.४ म्हणजे काही दात जाणे. वर कराडच्या वाचकांना सांगितलेला के ०८.१ आणि हा के ०८.१ दिसायला एकच आहेत, अर्थ मात्र निराळा. भारतातले बिल आणि अमेरिकेतले बिल एकाच टेबलावर हाताळणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावे. के ०८.४ च्या पुढचा अंक कारण सांगतो : ० कारण नमूद नसेल तर, १ इजा, २ हिरड्यांचा विकार, ३ कीड, ९ अन्य कारण. त्यापुढचा अंक वर्गाचा असतो. म्हणजे किडीने काही दात गेले असून वर्ग पहिला असेल, तर के ०८.४३१ असा कोड होतो.

हा वर्ग केनेडींचा नव्हे, आणि ही चूक प्रशिक्षित मंडळीही करतात. केनेडी यांनी १९२५ मध्ये मांडलेली पद्धत रिकामी जागा कुठे आहे ते सांगते. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसल्या की तो त्यांचा पहिला वर्ग. कोडातील वर्ग अमेरिकेतील प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेचा आहे. तो रिकाम्या जागेचा विस्तार, आधाराच्या दातांची अवस्था, दातांची चावण्यातील जुळणी आणि उरलेल्या हाडाची उंची पाहून उपचार किती अवघड आहे ते सांगतो. त्यात पहिला वर्ग सर्वांत सोपा, चौथा सर्वांत कठीण. म्हणून केस पेपरवर ‘केनेडी १’ दिसले म्हणून कोडाच्या शेवटी १ लावू नका. वर्ग लिहिलेला नसेल तर दंतवैद्यांना विचारा, आणि उत्तर आलेच नाही तर शेवटी ९ लिहा. दाताचे क्रमांकही तिथे १ ते ३२ असे सलग मोजतात, त्यामुळे आपल्याकडची ३६ तिथे १९ होते.

प्रश्न : आमच्या तेरा वर्षांच्या मुलीचा वरचा एक दात आलाच नाही. एक्स-रेतही तो दिसत नाही. बिलावर ‘दात पडला’ असे लिहिले आहे. ते चालेल का?
— एक पालक, वाई

उत्तर : चालू देऊ नका. जो दात तयारच झाला नाही तो गेलेला दात नसतो. त्यासाठी जन्मजात दात नसण्याचा के ००.० हा वेगळा कोड आहे आणि अमेरिकी आवृत्तीत तर तो के ०८.४ बरोबर लिहिताच येत नाही. एक्स-रेची प्रत जोडून दंतवैद्यांकडून बिलावरील निदान दुरुस्त करून घ्या आणि मुलीच्या पुढच्या उपचारांच्या फाइलमध्येही तीच नोंद राहील, असे पाहा.