रजा परत देऊ नकोस

अरे, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण उत्तर मुद्दाम सकाळी लिहितोय. रात्री चिडलो होतो आणि चिडून लिहिलेलं तुझी काकू पाठवू देत नाही.

भंडारदऱ्याचं बुकिंग गेलं, छोटीच्या तोंडात फोड आलेत, ताप आहे, डॉक्टर हँड फूट माउथ (हातापायांवर, तोंडात फोड येतात तो आजार) म्हणाले, हे सगळं कळलं. वाईट वाटलंच. पण त्यावर तू मला विचारतोस काय, तर काका, रजा अप्रूव्ह झालीये ती कॅन्सल करून घरूनच लॉगिन करू का, म्हणजे दिवस वाचतील आणि दिवाळीत वापरता येतील, घरी ती आहेच. ती म्हणजे तुझी बायको. तिलाही नोकरी आहे बरं का, तिनेही भंडारदऱ्यासाठीच रजा टाकलेली आहे, आणि तिची रजा परत द्यायचा विचार तुझ्या डोक्यात आलेला दिसत नाही.

रजा परत देऊ नकोस. बस, एवढंच सांगायचंय, खाली जे लिहिलंय ते सगळं याचंच दळण आहे.

दिवस वाचतील म्हणतोस, किती वाचवणार? पुण्यात नोकरी करतोस म्हणजे तुझ्या कंपनीला महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा लागतो. त्यात 20 दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा, वर्षाला 8 किरकोळ रजा वेगळ्या, आणि साठवता येतात फक्त 45 दिवस. कंपनी जास्त देत असेल तर चांगलंच आहे, पॉलिसी वाच एकदा, जॉइन होताना सगळे सही करतात आणि वाचत कुणी नाही. आणि त्या किरकोळ रजा तर 31 डिसेंबरला गेल्याच, पुढच्या वर्षात येत नाहीत. मग वाचवून ठेवायच्या कुणासाठी?

आता मुख्य मुद्दा. घरून लॉगिन करून आजारी पोराकडे बघता येतं हा जो तुझा समज आहे ना, तो डोक्यातून काढ. तू कॉलवर, बायको स्वयंपाकघरात, पोर सोफ्यावर. अकरा वाजता तू औषध दिलंस, म्यूट काढून परत बोलायला लागलास, साडेअकराला ती आली, अंग गरम लागलं, तिने परत दिलं. हे घरोघरी होतं. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर देतात, एका वेळेला किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर. आणि त्याचं सिरप दोन ताकदींचं येतं, 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅमवालं आणि 250 मिलिग्रॅमवालं, बाटल्या दिसायला सारख्याच. डॉक्टरने 250 वालं चार मिली सांगितलं असेल आणि घरात मागच्या वर्षीची 120 वाली पण पडलेली असेल, तर अर्धं लक्ष लॅपटॉपमध्ये असलेल्या माणसाने त्याला हात न लावलेला बरा. जुनी बाटली आजच टाकून दे आणि नव्या बाटलीवर पेनाने किती मिली ते लिहून ठेव, आणि दिलेल्या प्रत्येक डोसची वेळ फ्रिजवर.

त्या फोडांवर औषध असं काही नसतं. व्हायरस आहे, अँटिबायोटिक मागू नकोस, आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. खरा त्रास हा की तोंड जळतं म्हणून पोर खात नाही आणि पाणीही पीत नाही. त्यामुळे कुणीतरी समोर बसून दर दहा मिनिटांनी घोट घोट पाजणं, गार दूध, गार केलेली साबुदाण्याची खीर, आंबट नसलेलं दही कालवलेला मऊ भात. खारट, आंबट, गरम नको. आइस्क्रीम चालतं, खरंच चालतं, डॉक्टरही सांगतात, तुझी आई आकाशपाताळ एक करेल पण तिला माझं नाव सांग. आणि शू किती वेळा झाली ते बघायचं, आठ तास झालीच नाही, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं तर फोन न करता सरळ घेऊन जायचं. आता मला सांग, यातलं कॉलवर बसून काय होतं? कॅमेरा बंद ठेवून दही-भात भरवणार?

माझं सांगतो. 1991 साली सप्टेंबर क्लोजिंग होतं. बँकेत तेव्हा सहामाही हिशेब हातानेच, लेजरची थप्पी, रात्री दहा-दहापर्यंत ब्रँच चालू. मुलगा दोन वर्षांचा, त्याला ताप, मी रजा टाकलेली. दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर मॅनेजरचा निरोप, ये म्हणून, आणि वर हे वाक्य, बायको आहे ना घरी? मी गेलो नाही. संध्याकाळी त्याला तापात आकडी आली. चाळीतली मंडळी धावली, एकाने कांदा आणला, एकाने चप्पल, एक आजी तोंडात चमचा घालायला निघाल्या, त्यांना मी अक्षरशः ढकललं. त्याला कुशीवर वळवून धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिलो. एवढंच करायचं असतं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर तडक हॉस्पिटल. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या काही मुलांना तापात अशी येते आणि बहुतेकांची दोन-तीन मिनिटांत थांबते. त्याचीही थांबली. (छोटीला असं काही होईल म्हणून सांगत नाहीये, लगेच गूगल करत बसू नकोस.)

त्या वर्षीच्या रिपोर्टात माझ्यावर शेरा आला. प्रमोशन गेलं, पुढचंही लांबलं, आणि तेव्हापासून ब्रँचमध्ये माझं नाव रजावाला पडलं ते रिटायर होईपर्यंत. माझ्या बरोबरचा एकजण डीजीएम, म्हणजे डेप्युटी जनरल मॅनेजर, होऊन बाहेर पडला. आमच्यात निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रजेचे पैसे मिळायचे, 240 दिवसांपर्यंत, त्याला पूर्ण मिळाले, त्यात त्याने फ्लॅटचं उरलेलं कर्ज फेडलं. माझा चेक बघून कॅशियर हसला होता. टोचतं का? टोचतं की. फ्लॅट दिसला की जास्त टोचतं.

तुझी काकू म्हणते, तुम्ही नसतात तरी मी निभावलंच असतं. असतं ना, शंकाच नाही, माझ्यापेक्षा शांतपणे निभावलं असतं. पण तिने एकटीने का निभवायचं, याचं उत्तर त्या मॅनेजरकडेही नव्हतं आणि तुझ्याकडेही नाही. बापाला खाजगी नोकरीत बाळ झाल्यावर रजा द्या असंही आपला कायदा सांगत नाही, म्हणजे जी काय रजा आहे ती हीच, तुझ्या खात्यातली. ती पण परत द्यायला निघालास.

आणि अजून एक, घरी राहतोच आहे तर केवायसी करून घेऊ, गाडी सर्व्हिसिंगला टाकू, बाथरूमचा नळ बदलू, हे सुरू करू नकोस. ती पण रजा परत देणंच झालं, ऑफिसला नाही तर घराला. तीन दिवसांनी ताप उतरला की पोर उड्या मारायला लागेल आणि शाळेत तर पाठवता येणार नाही, दुसऱ्यांच्या पोरांना लागण होते. तेव्हा खरी सुट्टी सुरू होते. बाहेर पाऊस, घरात दोऱ्यांवर न वाळलेले कपडे, त्याच दोरीवर चादर टाकून तंबू कर. भिकार-सावकार शिकव, चार वर्षांचं पोर शिकतं, हरलं की रडतं. तंबूत एकच गोष्ट वीसदा सांगायला लागेल, कंटाळशील, कंटाळ. बायकोला एक दुपार झोपू दे, दार लावून, फोन तुझ्याकडे ठेवून. मॅनेजरला आज सकाळीच एका ओळीत कळव, मुलगी आजारी आहे, रजा ठरल्याप्रमाणे. सॉरी लिहू नकोस. अर्जंट असेल तर कॉल करा हे तर अजिबात लिहू नकोस, तुम्ही लोक ते सवयीनेच लिहिता आणि मग लोक करतात.

हॉटेलवाल्याला फोन कर, पैसे परत नाही दिले तरी तारीख पुढे ढकलून देतात बऱ्याचदा, पावसाळा संपता संपता रंधा धबधब्याला पाणी असतंच.

आणि हो, महिना-दीड महिन्याने छोटीच्या बोटांची नखं मुळापासून सुटायला लागली तर घाबरू नका, या आजारानंतर काही मुलांचं होतं तसं, दुखत नाही, खालून नवीन येतात. त्याला रजा टाकायची गरज नाही.

काका