मुलाला फुटबॉल कोच व्हायचंय, घरच्यांना काळजी आहे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २२ वर्षांचा मुलगा, तालमीच्या संघातून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळणारा. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ऑपरेशन झालं आणि आता तो म्हणतो, कोच होतो. वडील एमआयडीसीतली नोकरी बघताहेत. ‘कोचिंग म्हणजे खेळ सुटलेल्या पोरांची सोय, असं तर नाही ना?’ असं तुम्ही विचारलंय.

तसं नाही. पण पुष्कळ मुलं तसंच समजून येतात आणि फसतात. स्ट्रायकरच्या पायाला जे आपसूक कळतं, ते त्याला दहा वर्षांच्या पोराला समजावता येईलच असं नाही. म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार मोलाची वाटली. तो मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या ओट्यावर मांडतो आणि धाकट्याला विचारतो, ‘हळदीची वाटी पुढे गेली, तर मागची मोकळी जागा कोण भरणार?’ उत्तर सांगून टाकत नाही, पोराला शोधायला लावतो. ताई, कोच असाच घडतो.

त्याला खालिद जमील यांची वाटचाल नीट वाचायला सांगा. महिंद्रा युनायटेडकडून, भारताकडूनही खेळले, पण दुखापतींनी खेळणं लवकर आटोपलं. २००९ मध्ये मुंबई एफसीचे कोच झाले. तिथे जवळपास सात वर्षं ना चषक, ना गाजावाजा. संघ तगवून धरायचा, एवढंच. मग २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला, म्हणजे आदल्याच हंगामात तळाकडे घसरलेल्या क्लबला, त्यांनी आय-लीग ही तेव्हाची देशातली अव्वल साखळी स्पर्धा जिंकून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यातली ती मधली सात वर्षं मुलाने विसरू नयेत.

शिक्षणाचं म्हणाल, तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स ही सुरुवात. पुढे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. एक पायरी चढली की काही काळ मैदानावर काम करायचं, मग पुढची. आपल्या राज्यातल्या कोर्सची चौकशी विफाकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे करावी. लायसन्सने दार उघडतं. आत टिकायला रोजची पोरं हवीत. ती कोल्हापुरात पेठेपेठेत आहेत! गुडघा बरा होईपर्यंत तालमीच्या लहान गटाला त्याने आठवड्यातून तीन दिवस शिकवावं आणि प्रत्येक सरावाची वही ठेवावी.

पैशांबद्दल आडपडदा ठेवत नाही. सुरुवातीचं मानधन तुटपुंजं असतं, करार बहुधा हंगामापुरते. २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही, तेव्हा काही क्लबांनी पगारसुद्धा थांबवले. म्हणून पदवी त्याने सोडू नये, आणि त्यानंतर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करावी. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून अर्ज करता येतो आणि संध्याकाळचं मैदानही सुटत नाही. वडिलांची काळजी रास्त आहे, त्यांना हे जरूर वाचून दाखवा. दोन वर्षांची मुदत मागा.

आणि हो, फिजिओथेरपी अर्धवट सोडू देऊ नका. कोचलाही पोरांसमोर चेंडू मारून दाखवावा लागतो. तीन महिन्यांनी ती वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. मला बघायची आहे.