"माझ्या एका मताने काय होणार" असं विचारलंस म्हणून

बाळा,

तुझा मेसेज वाचला. मत न देणाऱ्याला आळशी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती पटत नाही. तुझं नाव गावाकडच्या यादीत, नोकरी पुण्यात, भर उन्हाळ्यात एका दिवसासाठी रात्रभर एसटीत बसून जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत ड्युटी, हे किती जणांना जमेल?

2024 च्या लोकसभेचं बघ. गडचिरोली-चिमूरला जवळपास 72 टक्के मतदान झालं, तिथे काही भागात सुरक्षेमुळे दुपारी 3 लाच मतदान बंद होतं तरी. आणि दक्षिण मुंबईत 50 टक्क्यांच्या आसपास. शिकलेले जास्त जागरूक असतात वगैरे आपण म्हणतो ना, मग हे कसं? मला वाटतं माणूस मत देतो कारण त्याला कोणीतरी विचारतं. गावात दुपारनंतर बूथबाहेर पोरं यादी घेऊन बसलेली असतात, आलेल्यांच्या नावावर टिक, उरलेल्यांच्या घरी निरोप, "काकू अजून आल्या नाहीत, चला की". (उमेदवाराने गाडी पाठवणं नियमात बसत नाही, तरी गाड्या फिरतात, ते चूकच आहे.) टॉवरमध्ये वॉचमन गेटच्या आत सोडत नाही, शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं, मग विचारणार कोण?

आता तुझा प्रश्न. मुंबई उत्तर-पश्चिमची सीट त्याच वर्षी फक्त 48 मतांनी लागली आणि तिथे नोटालाच (म्हणजे "यापैकी कोणीही नको" या बटणाला) 15 हजारांच्या वर मतं होती. पण असं क्वचितच होतं, त्यामुळे या एका उदाहरणावर मी तुला मत द्यायला सांगणार नाही. माझं कारण वेगळंय. निकालानंतर बूथवार आकडे जाहीर होतात. तू कोणाला दिलंस ते कळत नाही, पण कुठल्या बूथवर किती मतं पडली हे प्रत्येक पक्ष बारकाईने बघतो आणि पुढची 5 वर्षं कुठे फिरकायचं ते त्यावर ठरवतो. भाड्याने राहणारी तुमच्यासारखी हजारो पोरं जिथे राहतात तिथल्या यादीतच नाहीत, म्हणून तुमचं भाडं, डिपॉझिट, टँकरचं पाणी याबद्दल प्रचारात कोणी अवाक्षर काढत नाही. हे मला खरंच लागतं रे.

उमेदवार आवडत नसतील तर नोटा दाब, पण रांगेत उभा राहा.

आणि आधी नाव पुण्यात आणून घे. निवडणूक आयोगाच्या ॲपवर फॉर्म 8, पत्ता बदलण्यासाठी तोच लागतो. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नको, तेव्हा गर्दी होते आणि अर्ज राहून जातात. कार्ड खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, म्हणून नाव आलंय का ते मधून मधून चेक कर. घरमालक ॲग्रीमेंट द्यायला टाळाटाळ करत असेल तर बँकेच्या पासबुकावर इथला पत्ता करून घे, तेही चालतं. रूममेट्सचेही फॉर्म त्याच दिवशी भरून टाक, कुठे अडलं तर रविवारी फोन कर, मी घरीच असतो.

तुझा,
काका