वाचकांचे प्रश्न: शत्रूच्या भीतीने बेडूकमासे लवकर मोठे होतात का?

प्रश्न: आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात दरवर्षी रोहू-कटल्याचे बीज सोडतात आणि मरळ तर त्यात असतेच. धानाच्या बांध्यांजवळच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मात्र मासे नाहीत. चतुराच्या अळ्या तेवढ्या दिसतात. तरीही पावसाने दडी मारली की नखाएवढे बेडूक आधी बोडीतूनच बाहेर पडतात. धोका जास्त तिथे रूपांतरण लवकर होते, असे वाचले होते. मग हे उलटे कसे?
– एक शिक्षिका, भंडारा जिल्हा

उत्तर: आपण वाचलेला विचार अर्ल वर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1986 मध्ये गणिताने मांडला होता. ज्या ठिकाणी वाढीच्या मानाने मरणाचा धोका अधिक, ते ठिकाण प्राण्याने लवकर सोडावे, मग शरीर लहान राहिले तरी हरकत नाही, असा त्याचा गाभा आहे. तर्क बिनचूक आहे. तरीही बेडूकमाशांवरच्या पुष्कळ प्रयोगांत रूपांतरण लवकर झालेले आढळले नाही, काहींत तर ते लांबले. चतुराच्या अळीने एखादा बेडूकमासा खाल्ला की त्याची रासायनिक खूण पाण्यात पसरते, आणि ती जाणवताच बाकीचे तळाशी निपचित पडून राहतात. हालचाल थांबली म्हणजे शेवाळ खरवडून खाणेही थांबते, वाढ मंदावते, आणि बेडूक होण्यासाठी जो किमान आकार गाठावा लागतो तोच उशिरा गाठला जातो. काही जातींत अशा वेळी शेपटी अधिक रुंद होते, म्हणजे अन्नाचा काही वाटा बचावाकडे वळतो.

आपल्या बोडीचे कारण बहुधा आटणारे पाणी हे असावे. पाणी आटू लागले की काही जातींच्या बेडूकमाशांच्या मेंदूतून ताणाचे संप्रेरक स्रवते, त्यातून थायरॉइडला चालना मिळते आणि किमान आकार गाठलेला जीव वाट न पाहता पाय फोडतो. नखाएवढे बेडूक दिसतात ते यामुळेच, आणि या घाईची किंमत त्यांना पुढे जमिनीवर मोजावी लागते.

भीतीने वेळ खरोखर अलीकडे येते, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा अंड्यांचा आहे. मध्य अमेरिकेतील लाल डोळ्यांचा झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो. सापाने अंड्यांवर तोंड टाकले की पूर्ण मुदत न भरलेली पिल्लेही काही क्षणांत अंडी फोडून खाली पाण्यात पडतात, हे कॅरन वॉरकेंटिन यांनी 1995 मध्ये दाखवून दिले. पावसाच्या थेंबांनी पान हलले तर ती तशी फुटत नाहीत. मात्र अशा अपुऱ्या दिवसांच्या पिल्लांना पाण्यातले शत्रू अधिक सहज गाठतात. पिल्लाला इथे घाई परवडते, कारण पळून जाण्यापूर्वी खाऊन वाढण्याची त्याला गरज नसते. बोडीतल्या बेडूकमाशाला ती असते.

विद्यार्थ्यांसह पडताळून पाहायचे असेल, तर बोडीत खुणा केलेली काठी रोवून पाण्याची पातळी आणि पहिला छोटा बेडूक काठावर दिसल्याची तारीख दरवर्षी लिहून ठेवावी. ज्या वर्षी बोडी पोळ्यापर्यंत भरलेली राहील, त्या वर्षीची तारीख विशेष जपून ठेवावी.