छोट्या विमानात शेजारी बसणाऱ्याने काय करावं?

तुम्ही विचारलंय की मेव्हणे सेस्ना १७२ मधून तुम्हाला किनाऱ्याकिनाऱ्याने सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंत नेणार आहेत; वाटेत दुसरं विमान आडवं आलं तर कळतं कसं, आणि तुम्ही नुसतं बसून राहायचं का?

बसून राहू नका, बघत राहा. मी अशीच विमानं चालवतो आणि शेजारच्याला हे काम हमखास देतो. रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला आपलं विमान ओळखू देणारं यंत्र) मदतीला असतात, पण मोठ्या विमानांतलं टीकास, म्हणजे धडकेचा इशारा देणारी यंत्रणा, छोट्या विमानात बहुधा नसतं.

गंमत अशी की आपल्यावर येणारं विमान काचेत हलतच नाही. हर्णैच्या कुठल्याही तांडेलाला विचारा: समोरची होडी आपल्याला एकाच दिशेला दिसत राहते आणि अंतर मात्र घटतंय, म्हणजे ती अंगावर येणार. हलणारा ठिपका डोळ्याला पटकन सापडतो. हा मात्र बराच वेळ ठिपकाच राहतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो. दोन्ही विमानं १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) समोरासमोर येत असली तर अंतर सेकंदाला १०० मीटरने तुटतं. दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत, अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेच्या हिशेबाने, १२.५ सेकंद जातात. म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत दिसलं तर उशीरच झाला.

म्हणून नजर सरसर फिरवू नका, फिरत्या नजरेला बारीक काही दिसत नाही. साधारण १० अंशांचा तुकडा घ्या, सेकंदभर थांबा, मग पुढचा. दमट, धुरकट हवेत समुद्र-आकाश एक होतात तेव्हा डोळे आपोआप मीटर-दोन मीटरवरच स्थिरावतात. अधूनमधून लांबची बोट नाहीतर सड्याची कड बघून घ्या. काचेच्या खांबाआड अख्खं विमान लपतं, तेव्हा मान पुढेमागे करा.

तुम्ही उजवीकडे बसणार. दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला आणि दुपारनंतर ऊनही. शक्यतो सकाळी निघा. सेस्नाचे पंख वर असतात, त्यामुळे उजवीकडे वळताना तीच बाजू झाकली जाते. वळण्याआधी तिकडचं तुम्ही बघून सांगा. धडका जास्त होतात त्या स्वच्छ उजेडात, धावपट्टीच्या आसपास, म्हणून चिपी जवळ आली की मोबाईल खिशात.

काही दिसलं तर घड्याळाच्या आकड्यांत सांगा, विमानाचं नाक म्हणजे बारा: "दोन वाजता, आपल्याच उंचीवर." ती घार निघाली तरी चालेल.