एका गायकासमोर दोन माइक कशाला?

प्रश्न : ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडच्या १९७४ मधल्या फोटोंत प्रत्येक गायकासमोर दोन माइक दिसतात. त्यातला एक राखीव असायचा का?

उत्तर : नाही, दोन्ही एकाच वेळी चालू असत. त्या दौऱ्यात ‘वॉल ऑफ साउंड’ ही स्पीकरांची भिंत कलाकारांच्या पाठीमागेच उभी असे. तिचा आवाज माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजणारच. म्हणून जोडीतल्या एका माइकची पोलॅरिटी, म्हणजे त्याच्या विद्युत संकेताची दिशा, उलटी जोडलेली असे. भिंतीचा आवाज दोन्हींत जवळपास सारखा येतो आणि परस्पर खोडला जातो. गायक मात्र एकाच माइकला ओठ टेकवून गातो, त्यामुळे त्याचा आवाज उरतो. फार देखणी युक्ती! पण तोंड जरा लांब गेलं की गाणंही दोन्हींत शिरतं आणि आवाज पातळ पडतो.